लाल कॅलिपरची जोडी

पेंडशांनी गौतमला फसवलं आणि दोष माझ्या दुकानावर ढकलला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना कोण खरं, कोण खोटं याचा अंदाज बांधत बसायला नको. पेंडसे म्हणजे कोथरूडात गाड्या सजवून देण्याचं काचेचं दुकान असलेले गृहस्थ. गौतम म्हणजे अकोल्याहून आलेला, हिंजवडीच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारा मुलगा. आणि मी सुमन. वाकडला, हिंजवडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सव्वीस वर्षं ब्रेकचं दुकान चालवलं. फक्त ब्रेक. इंजिनाला हात लावायचा नाही, रंगकाम करायचं नाही. गाडी चालवून देणारे छप्पन्न असतात, थांबवून देणारं एखादंच.

बाईमाणूस या धंद्यात कशी आली, ते लिहा, असं संपादकांनी सांगितलं होतं. त्यात लिहिण्यासारखं काही नाही. भोसरीच्या एका शेडमध्ये ब्रेकच्या पट्ट्यांना रिव्हेट ठोकत होते. मालकापेक्षा मी बरं ठोकते, हे एक दिवस लक्षात आलं. मालकाच्याही आलं, पण त्याने पगार वाढवला नाही. मग मी स्वतःचं दुकान काढलं. संपला विषय.

ब्रेक म्हणजे काय, ते मात्र सांगायला हवं, नाहीतर पुढचं भांडण कळायचं नाही. तुम्ही पेडल दाबता तेव्हा पायाचा जोर चाकापर्यंत तेल नेतं. नळीभर तेल. होळीची पिचकारी पाण्याने भरा, तोंडावर बोट ठेवा आणि दांडा दाबा. दबत नाही, बोट दुखतं. आता तीच पिचकारी अर्धी रिकामी ठेवून दाबा. दांडा आत जातो, कारण हवा दबते. गाडीचंही तसंच. नळीत हवा शिरली की पेडल मऊ लागतं, पाय खाली खाली जातो आणि गाडी तिच्या मर्जीने थांबते. म्हणून ब्रेकचं काम झालं की हवा काढायची. आम्ही त्याला ‘एअर काढणं’ म्हणतो. चाकामागे एक छोटी तोटी असते, तिला निपल म्हणतात. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल किंचित सैल करायचं. हवा फसफसत बाहेर येते.

माझ्याकडे हे काम दोघांचं होतं. सीटवर मी आणि चाकाशी रशीदभाई. रशीदभाई नाना पेठेत वाढलेले, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, ब्रेकच्या कामात माझे गुरू आणि कामगार दोन्ही. गुरू असल्यामुळे मी त्यांना कधी ओरडले नाही आणि कामगार असल्यामुळे त्यांनी माझं कधी ऐकलं नाही. “दाबा ताई. धरा. सोडा. दाबा.” दिवसभर हा जप. माझ्या उजव्या पायाला त्यामुळे एक विद्या आली होती. पेडलला पाय लावला की आत काय चाललंय ते कळायचं. पट्ट्या झिजल्यात, नळी फुगतेय की हवा आहे, सगळं तळपायाला कळायचं.

गिऱ्हाइकं एकेक नग. एक निवृत्त प्राध्यापक दरवर्षी यायचे. पट्ट्या पार गेल्यात म्हटलं, तर म्हणाले, “शक्यच नाही. मी ब्रेक क्वचितच वापरतो.”

“मग काढून टाकू का? वजन तेवढंच कमी होईल,” मी म्हटलं.

ते खूश झाले. पुढे दहा वर्षं माझ्याकडेच आले. पुण्यात अपमान नीट केला, की गिऱ्हाईक टिकतं.

तर गौतम. हिंजवडीत ऊस काढून काचेच्या इमारती लावण्याचे ते दिवस होते. पोरांच्या हातात वडिलांनी आयुष्यात पाहिला नव्हता एवढा पगार येत होता आणि त्यातला निम्मा गाडीत जात होता. मोठी चाकं, मोठा आवाज आणि, ज्यांना थोडी अक्कल होती त्यांच्यासाठी, मोठे ब्रेक. गौतमला अक्कल होती. त्याच्या छोट्या गाडीला त्याने पुढच्या चाकांचे मोठे ब्रेक बसवून घेतले होते. चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडणारा जो लोखंडी भाग असतो, तो कॅलिपर. त्याच कंपनीच्या परदेशात चालणाऱ्या मोठ्या गाडीचे जुने कॅलिपर पेंडशांनी आणवले होते. लाल रंग मारलेले, कुंकवाच्या करंड्यासारखे चकाकणारे. चाकाच्या फटीतून दिसले, तर वळून पाहावं असे.

“काकू, ब्रेक मोठे केले आणि पेडल मऊ झालं,” मंगळवारी संध्याकाळी तो आला, तेव्हा म्हणाला. “दुकानवाले म्हणाले, थोडी एअर असेल, कुठेही काढून घ्या.”

मी सीटवर बसले. पाय ठेवला. ओल्या गादीवर पाय द्यावा तसं लागलं. एअरच! यात शंकाच नाही. रशीदभाईंनी एअर काढली, चारही चाकांची. पेडल दोन बोटं वर आलं आणि तिथेच थांबलं. पुन्हा काढली. अख्खा डबा तेल गेलं. तरी मऊ ते मऊच. मी त्याला म्हटलं, “गाडी इथे ठेव.” पण त्याला सकाळी ऑफिस होतं. तो पेंडशांकडे परत गेला.

पेंडशांनी काय केलं? गाडीला हातही न लावता म्हणाले, “बाईच्या दुकानात ब्रेक उघडलेत ना तुम्ही? मग आता आम्ही काय सांगणार? पोळी करपली असती, तर वेगळं.” आणि बिलावर लिहून दिलं की बाहेर काम करून घेतल्यामुळे हमी रद्द. गौतम संतापला. माझ्यावर! ऑफिसात जाऊन त्याने शेकडो लोकांना एकच मेल पाठवला : वाकडच्या अमुक दुकानात ब्रेकचं काम करू नका, माझ्या गाडीचे ब्रेक घालवले.

मेल म्हणजे काय, ते मला तेव्हा धड ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं ते गुरुवारी सकाळी. कंपन्यांच्या लोकांना ने-आण करणाऱ्या जीपगाड्या माझ्याकडे लागायच्या. त्यांचा पहिला मालक आला आणि दारातूनच म्हणाला, “ताई, तुमच्याकडून ब्रेक गेला म्हणत्यात एका साहेबाचा. गाडीत तेच साहेब बसत्यात हो. माझं काय चालंना.” दुपारपर्यंत चौघांनी गाड्या काढून नेल्या. ब्रेकवालीचं नाव गेलं की उरतं काय? रिव्हेट ठोकायला भोसरीला परत जायचं?

मी रिक्षा केली आणि गौतमच्या कंपनीच्या फाटकावर जाऊन उभी राहिले. रखवालदाराने विचारलं, “कोणाला भेटायचंय?” म्हटलं, “ज्याने मला न भेटता सगळ्यांना भेटवलं त्याला.” गौतम खाली आला, गळ्यात पट्टा, चेहरा उतरलेला. तरणाताठा मुलगा, पण माझा आवाज ऐकून पाच पायऱ्या वरच थांबला.

“काकू, शनिवारी आईबाबांना घेऊन कोकणात जायचंय,” तो म्हणाला. “ताम्हिणी घाटातून. पहिल्यांदाच माझ्या गाडीत बसणार आहेत. आणि ब्रेक असा.”

इथे माझा राग अर्धा झाला, पण मी ते दाखवलं नाही. सौदा करताना राग हा माल असतो, तो फुकट द्यायचा नाही.

“गाडी मला दे. उद्या संध्याकाळपर्यंत.”

“आणि नाही झालं तर?”

“तर मी माझ्या हाताने लिहून देते की दोष माझा. दाराला चिकटवते. आणि झालं, तर तू पुन्हा मेल पाठवायचा. त्याच सगळ्यांना. एक माणूस कमी चालणार नाही.”

“सगळ्यांना पाठवायचा म्हणजे...”

“खोटं पाठवताना मोजले होतेस?”

त्याने चावी दिली.

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघं त्या गाडीवर तुटून पडलो. पेडलच्या जोराने तेल ढकलणारा जो मुख्य पंप असतो, तो आधीच्या रात्री मी नवा घालून घेतला होता. पदरचा. फरक शून्य! रशीदभाई म्हणाले, “ताई, मोठ्या कॅलिपरला तेलही जास्त लागतं. असंच असेल. इंपोर्टेड आहे.” हा शब्द त्या काळात लोक देवाच्या नावासारखा घ्यायचे. माझा पाय मात्र कबूल होईना. पेडल दोनदा भरभर मारलं की वर येत होतं. हवा असते तेव्हाच ते असं करतं. हवा होती. कुठे होती, हा प्रश्न होता.

मग मला जुनी युक्ती आठवली. प्रत्येक चाकाकडे एक रबरी नळी जाते. तिच्यावर फडकं गुंडाळून चिमट्याने आवळली, की ते चाक कटतं, तिकडे तेल जातच नाही. पुढच्या दोन्ही नळ्या आवळल्या. पाय दिला. कडक! म्हणजे चोर पुढेच आहे.

“डावी सोडा.”

रशीदभाईंनी सोडली. पाय दिला. कडक.

“आता उजवी.”

उजवी सोडली आणि पाय विहिरीत गेल्यासारखा खाली गेला!

“उजवं पुढचं! रशीदभाई, उजवं पुढचं!” मी एवढ्याने ओरडले, की शेजारचा भेळवाला भेळ कालवायची सोडून आला. “चाक काढा!”

रशीदभाई मात्र पाना हातात धरून तिथेच बसून राहिले.

आता आमची चूक सांगते. ती फक्त आमच्यासारख्यांकडूनच व्हावी अशी होती. जीपगाड्यांचे मालक कायम घाईत. त्यांच्यासाठी आम्ही चाक न काढताच एअर काढायला शिकलो होतो. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवायचं, मागच्या फटीतून हात घालायचा, बोटांनी निपल शोधायचं, पाना लावायचा. रशीदभाई त्यात इतके तरबेज, की डोळे मिटून करायचे आणि लोक बघायला थांबायचे. आम्हाला त्याचा अभिमान होता. मंगळवारी गौतमच्या गाडीची एअरही अशीच काढली होती. चाकामागे काय आहे, ते मी सीटवर असल्यामुळे पाहिलं नव्हतं आणि रशीदभाईंनी बोटांनी पाहिलं होतं.

“ताई,” ते हळूच म्हणाले, “उजव्याचं निपल जरा खालीच लागलं होतं हाताला.”

“मग बोलला का नाहीत?”

“तो पोरगा इंजिनिअर. समोर उभा. म्हटलं, परदेशी माल, त्यांची रीत असेल. आपण अडाणी दिसू.”

मीही त्या मुलासमोर ‘इंपोर्टेड’ला मान डोलावली होतीच.

चाकं काढली. दोन्ही. डाव्या कॅलिपरचं निपल वरच्या टोकाला, जसं हवं तसं. उजव्याचं खाली, जमिनीकडे तोंड करून. तांब्या उलटा करून पाण्यात बुडवला, तर हवा वरच्या बुडाशी अडकून राहते ना? तोच प्रकार. हवा वर जाते, म्हणून निपल वरच हवं. ते खाली असेल तर डबेच्या डबे तेल ओता, हवा वर बसून हसत राहणार. नळीसुद्धा पिळून बसवली होती, कसंतरी जुळवल्यासारखी.

डावाउजवा अदलाबदल झाला असता तर दोन्ही निपलं खाली आली असती. इथे एक वर होतं आणि एक खाली. म्हणजे दोन्ही कॅलिपर डावेच! दोन्ही पायांत डाव्या चपला घालून पोराला पाठवलं होतं. मी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि लाल रंग खरवडला. एकावर ओतकामातलं इंग्रजी ‘एल’ अक्षर. दुसऱ्यावर, त्याच जागी, कानशीने घासल्याच्या खुणा आणि वर रंगाचे दोन हात जास्त. चुकून कोणी कानस चालवत नाही. ज्याने हे केलं, त्याला ते डावं आहे हे ठाऊक होतं.

गौतमला फोन केला. तो अर्ध्या तासात आला, ऑफिसच्या बुटांनिशी. “सीटवर बस,” म्हटलं, “आज पाय तुझा.” उजवा कॅलिपर खोलला, नळी तशीच ठेवून उलटा फिरवला आणि निपल आभाळाकडे करून मी दोन्ही हातांत धरला. त्याच्या चिमटीला पकडायला काहीतरी हवं, म्हणून चकतीच्या जागी तेवढ्याच जाडीचा लाकडी ठोकळा दिला. निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीत सोडलं.

“दाब,” रशीदभाई म्हणाले. “धर.”

निपल सैल केलं आणि बुडबुडे! काय बुडबुडे आले म्हणता! सोड्याची बाटली फोडावी तसे. भेळवाला म्हणाला, “अरे बापरे.” पुन्हा दाब, पुन्हा धर. सातव्या की आठव्या खेपेला नुसतं तेल आलं, स्वच्छ, गव्हाळ रंगाचं. कॅलिपर जागेवर लावला. मी गौतमला उठवून सीटवर बसले आणि पाय दिला.

दगड! माझ्या पायाखाली दगड होता! मी खाली उतरून रशीदभाईंच्या हातात हात दिला. वीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी आधी हात पुसला आणि मग माझा धरला.

गौतमने माझ्यासमोर फोनवरून ऑफिसातल्या मित्राला मजकूर सांगितला आणि मेल गेला. त्याच सगळ्यांना. सोमवारपासून जीपगाड्या परत येऊ लागल्या. कोकणातून परतताना गौतमचे वडील मुद्दाम दुकानात आले. तहसील कचेरीतले निवृत्त कारकून, अंगावर कडक इस्त्रीचा सदरा. म्हणाले, “पाय ठेवला का थांबते बाप्पा गाडी! मी घाटात डोळे उघडेच ठेवले होते.” यापेक्षा मोठं प्रमाणपत्र मला मिळालेलं नाही.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण पेंडशांचं ‘पोळी करपली असती’ हे वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं होतं. गौतमला आणि रशीदभाईंना घेऊन मी कोथरूडात गेले.

“या बाई,” पेंडसे खुर्चीतून न उठता म्हणाले. “आमच्याकडे लोक गाडी घेऊन येतात. आपण काय आणलंत?”

“कानस,” मी म्हटलं, आणि खरोखरच टेबलावर ठेवली. “तुमचीच आहे का, विचारायला आले. कॅलिपरवरचा ‘एल’ हिनेच घासला ना?”

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांना पेंडशांनी घाईने बाहेर पोचवलं. मग सौदा सुरू झाला. असा सौदा मी पुन्हा कधी केला नाही.

“मुलाला सीट कव्हरं देतो. चामड्याची.”

“नको.”

“धुक्यातले दिवे?”

गौतमने दिव्यांकडे पाहिलं. मी गौतमकडे पाहिलं. तो म्हणाला, “नको.”

“मग हवंय काय?”

“उजवा कॅलिपर, खरा उजवा. आणि तुमच्या छापील कागदावर दोन ओळी, की माझ्या कामात दोष नव्हता.”

कॅलिपर मागवून द्यायचं त्यांनी लगेच मान्य केलं. ओळींवर दीड तास गेला. त्यांनी ‘गैरसमज’ लिहिलं, मी खोडायला लावून ‘चूक’ लिहून घेतलं. त्यांनी ‘अनवधानाने’ घातलं, मी ते काढायला लावलं. ‘सदर महिला’चं ‘सुमनताई’ केलं. एकेक शब्द मी भाजीसारखा निवडून घेतला. शेवटी ते थकून म्हणाले, “एक ओळ माझी राहू द्या : हा विषय इथे मिटला असून दोन्ही पक्ष त्याबद्दल कोठेही बोलणार नाहीत.” मला वाटलं, एवढं मी जिंकलेय, तर हरलेल्याला एक ओळ द्यावी. मी सही केली. झोकात केली.

परत येताना रिक्षात मी कागद पुन्हा पुन्हा वाचत होते. रशीदभाई बाहेर बघत होते. अर्ध्या वाटेत ते म्हणाले, “ताई, जोडी दोन डाव्यांची झाली, तर दोन उजवे उरले असतील ना. ते कुठे गेले?”

माझ्या हातातला कागद तसाच राहिला. या माणसाने दोन डावे जोडी म्हणून विकले, तर दोन उजवे काय ठेवून देईल? त्यांची जोडी आधीच कोणाच्या तरी गाडीला लागली असणार, म्हणून तर उरलेल्या डाव्यावर कानस चालवावी लागली. पुण्यात कुठेतरी आणखी एक गाडी लाल कॅलिपर मिरवत, मऊ पेडलवर फिरत होती आणि तिच्या मालकाला कोणीतरी सांगत होतं, इंपोर्टेडचं असंच असतं. आणि विचारायची वेळ होती, तेव्हा मी ‘अनवधानाने’ खोडत बसले होते!

दुसऱ्या दिवशी पहिल्या रिक्षाने परत गेले. पेंडसे या वेळी उठून उभे राहिले, हसतमुख.

“आपला व्यवहार मिटलाय, बाई. सही आहे आपली.”

“बिलबुक दाखवा. नाव तेवढं सांगा, मी गाडी फुकट नीट करून देते. तुमचं नावही काढणार नाही.”

“कुठल्या गाडीबद्दल बोलताय, मला कळत नाही.” आणि त्यांनी स्वतः दार उघडून धरलं.

मी दुकानावर पाटी लावली : लाल कॅलिपर फुकट तपासून मिळतील. तीन आले, तिन्ही ठीक होते. वाकडच्या सिग्नलला गाड्या थांबल्या की मी वाकून चाकांत बघायचे. एकदा एका बाईने काच खाली करून विचारलं, “काही हरवलंय का?” म्हटलं, “हो, पण तुमच्याकडे नाही.” घाटात गाडी गेल्याची बातमी पेपरात आली, की आजही मी आधी चाकांत लाल कॅलिपर होते का ते शोधते. पेपरात ते कधी छापत नाहीत.

पेंडसे आता मोठे झालेत. तीन दुकानं आहेत. रस्ता सुरक्षेच्या कार्यक्रमांत व्यासपीठावर बसतात, शाळकरी मुलांना हेल्मेट वाटतात. मी दुकान बंद केलं. रशीदभाई गेले. ते वारले त्या महिन्यात मी भेटायला गेले, तेव्हाही त्यांनी विचारलं होतं, “मिळाले का ते उजवे?”

कुठेही बोलणार नाही, या अटीवर मी सही केली होती. ती मी आज मोडते आहे. करा फिर्याद. कोर्टात उभं करा, म्हणजे शपथेवर मलाही विचारता येईल आणि तुम्हालाही उत्तर द्यावं लागेल. मी गप्प बसले, हा माझा गुन्हा, तो मी इथे सहीनिशी कबूल करते. आता तुमचा. पेंडसे, ते दोन उजवे कोणाच्या गाडीला बसवलेत? बिलबुक उघडा आणि नाव सांगा.